फोनवर बोललं की मराठी उमटतं, मग सहा महिने टायपिंग कशाला शिकायचं?

टंकलेखनवर्ग_फलटण
नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट उत्तर देता येणार नाही.

फलटणला आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. बाबांनी १९७८ मध्ये सहा मशीनवर सुरू केलं, १९९६ पासून मी सांभाळते. एके काळी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तासातासाच्या बॅच असायच्या. २२ मशीनची खडखड खाली रस्त्यावर ऐकू जायची. शेवटची चार मशीन घेतली ती आमच्याच जिल्ह्यात, शिरवळला, गोदरेजच्या कारखान्यात बनलेली. २००९ मध्ये त्यांनी टाइपरायटर बनवणं थांबवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्य परीक्षा परिषदेची मशीनवरची शेवटची परीक्षा झाली. त्या दिवशी संध्याकाळी मी एकेका मशीनला तेल दिलं, वर कापड घातलं आणि बाबांचं एक जुनं मशीन सोडून बाकी सगळी माडीवर ठेवून दिली. आता खाली १६ कॉम्प्युटर आहेत आणि सध्या ३८ विद्यार्थी.

मी स्वतः रेमिंग्टन या टाइपरायटरच्या जुन्या कळरचनेवर वाढले. तिथे 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, म्हणजे कागदावर डावीकडून जसं दिसतं तसं. कॉम्प्युटरवरच्या इन्स्क्रिप्ट या कळरचनेत आधी क, मग वेलांटी, म्हणजे तोंडातून निघतं तसं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, क वर शिफ्ट दाबला की ख, ग वर दाबला की घ. किती सुबक रचना आहे ती! पण पंचेचाळिसाव्या वर्षी ती शिकायला घेतली तेव्हा तीन महिने बोटं ऐकत नव्हती. रोज वर्ग सुटल्यावर एकटी बसून वेगाच्या सरावाचे उतारे टाइप करायचे. हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की बदल मला नको आहे असं कुणाला वाटू नये.

आता मूळ गोष्ट. मागच्या सोमवारी एक आई मुलीला घेऊन आल्या. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. फी विचारली, मी सांगितली. त्यांच्या पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी ती होते. मुलीने फोन काढला, माइकचं चिन्ह दाबलं आणि दोन वाक्यं बोलली. दोन्ही वाक्यं पडद्यावर उमटली, काना-मात्रेची एक चूक नाही. आई म्हणाल्या, "मॅडम, हे असं होतंय तर सहा महिने कशाला घालवायचे?" बोलण्यात टोमणा नव्हता. पैसे आणि वेळ दोन्ही त्यांना जड होते म्हणून विचारलं.

मी म्हणाले, सरकारी नोकरीला लागतं. ते खोटं नाही. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतंच. लोकसेवा आयोगाने तर आता प्रत्यक्ष टंकलेखन कौशल्य चाचणी ठेवली आहे, म्हणजे प्रमाणपत्र हातात असलं तरी समोर बसून टाइप करून दाखवायचं. ते मला पटतं. पण टायपिंग लागतं म्हणजे नोकरी लागेल असं नाही ना. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना १० लाखांवर अर्ज आले. तलाठ्याला टायपिंग लागत नाही, पण आमची मुलं जो निघेल तो फॉर्म भरतात. माझ्या ११ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी हजार किंवा नऊशे रुपये भरले, ऑनलाइन परीक्षेसाठी लांबच्या केंद्रावर जाऊन आले. एकही लागला नाही. हे त्या आईंपासून लपवून फी घेणं मला जमणार नाही.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी जे ऑफिसात, कोर्टात, छपाईत, कंपनीत आहेत, जे माणसं घेतात किंवा घेतले गेलेत, त्यांनी सांगा: टायपिंग येणाऱ्या माणसाकडून आज नेमकं काय काम करून घेतलं जातं? त्या आईंना मी शनिवारी परत बोलावलंय.


आवकजावक
मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. वडील सेवेत असताना गेले, अनुकंपावर लागलो. टायपिंग मुदतीत पास व्हायची अट होती म्हणून शिकलो, आवड म्हणून नाही. आज आठ वर्षं झाली.

पूर्वी आमच्याकडे टंकलेखकाने समोर कागद ठेवायचा आणि जसाच्या तसा उतरवायचा, एवढंच काम. आता असं उतरवण्याचं काम दिवसातून तासभरही नसतं. टिपणी मीच तयार करायची, मसुदा मीच करायचा, ई-ऑफिसमध्ये नस्ती, म्हणजे फाइल, वर पाठवायची, वरून शेरा आला की दुरुस्त करायची. त्यात तालुक्यांकडून माहिती मागवून एक्सेलमध्ये जुळवायची आणि तीही 'आजच्या आज'. सात तालुक्यांतून सात तऱ्हेच्या शीट येतात. कुणी तारीख अक्षरात लिहितं, कुणी गावाच्या नावाच्या रकान्यात फोन नंबर टाकतं. माझा निम्मा दिवस हे निस्तरण्यात जातो.

बोलून लिहिण्याचं म्हणाल तर साहेब लोक ते करू लागलेत. दौऱ्यावर गाडीत बसून फोनला सांगतात आणि मजकूर मला पाठवतात. मागच्या पावसाळ्यात एका शिक्षकाच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या प्रस्तावावर असाच आदेश आला: 'सदर प्रस्ताव मान्य करण्यात येत आहे.' मी टाइप करून जावक क्रमांक घालणारच होतो. पण मागची टिपणी मीच लिहिली होती आणि तिच्यात कागद अपुरे असल्याचं स्पष्ट होतं. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, मी अमान्य म्हणालो होतो. गाडीच्या आवाजात फोनने 'अ' खाल्ला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं वाक्य, आणि अर्थ बरोबर उलटा! सही होऊन गेलं असतं तर पुढे वसुलीचं प्रकरण झालं असतं, आणि कुणावर आलं असतं ते सांगायला नको.

तेव्हा मुलांना नुसते उतारे देऊ नका. 'विषय', 'संदर्भ', 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपासून पत्र स्वतः लिहायला लावा. एका नस्तीत मागे काय झालंय ते वाचून चार ओळींत सांगायला लावा. वेग आमच्याकडे कुणी मोजत नाही. पण वेग नसेल तर दिवसाचं काम दिवसात उरकत नाही, हेही खरं. शिवाय आमच्या खोलीत नऊ टेबलं आहेत, नऊ जण फोनशी बोलू लागले तर कुणाचंच काम व्हायचं नाही.


निखिल_हिंजवडी
मॅडम, तुमची तळमळ कळते, पण स्पष्ट सांगतो. ज्या ऑगस्ट २०१७ मध्ये तुमची मशीनवरची शेवटची परीक्षा झाली, त्याच महिन्यात गुगलने मराठीत बोलून लिहायची सोय आणली. तेव्हापासून ती सुधारतच गेली आहे. 'अ' गळण्यासारख्या चुकाही कमी होत जाणार. आता तर मुद्दे दिले की अख्खं पत्र लिहून मिळतं. सहा महिन्यांत ती मुलगी एक्सेल आणि बोलण्यापुरतं इंग्रजी शिकेल. तिचा वेळ तिथे लावा.


लघुलेखक_विदर्भ
निखिल, यंत्र सुधारतंय हे मान्य. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठासमोर चालू होती, तिथलं बोलणं यंत्राने तिथल्या तिथे लिहून पडद्यावर दाखवायला सुरुवात झाली. ते वाचलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. मी तालुका न्यायालयात आहे, २३ वर्षं झाली.

पण आमच्याकडचा साक्षीदार मायक्रोफोनसमोर सावकाश इंग्रजी बोलणारा वकील नसतो. तो वऱ्हाडीत बोलतो, मध्येच रडतो, दोन वकील एकाच वेळी उठतात. साक्षीदार 'मले लोटलं' म्हणाला की 'मला मारलं', यावर खटला फिरतो. हल्ली आमच्याकडचे तरुण लघुलेखक मसुदा यंत्राकडून घेतात आणि तपासतात. तपासायला जो बसतो त्याला स्वतःला लिहिता यावं लागतं, नाहीतर पडद्यावर जे आहे तेच खरं वाटायला लागतं. हा अनुभव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मुलांना सलग बारा पानं वाचून चूक धरता येत नाही, तिसऱ्या पानावर नजर घसरते.


अक्षरजुळणी_पुणे
या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. सदाशिव पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम आहे, १९९४ पासून. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसला, पानं लावायच्या पेजमेकरमध्ये शेकडो पुस्तकं लावली. तेव्हा लेखक हाताने लिहिलेली बाडं आणून द्यायचे, आम्ही पानाच्या दराने टाइप करायचो. माझ्याकडे चार मुली फक्त टाइप करायला होत्या. चौघींचे संसार त्यावर उभे राहिले.

आता हस्तलिखित वर्षाला एखादं येतं. लेखक युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत, मजकूर पाठवतात, त्यातले बरेच फोनवर बोलून केलेले. टायपिंगचा पैसा संपला. पण काम संपलं का? उलट मला आज माणूस मिळत नाहीये. बोलून केलेल्या मजकुराला पूर्णविराम नसतात. परिच्छेद नसतात. अवतरणचिन्हं तर नाहीतच, त्यामुळे कोण बोलतंय तेच कळत नाही. विशेषनामं विचित्र येतात: गावाचं 'वाई' हे बाई होतं, कऱ्हाड आणि कराड एकाच पानावर नांदतात. जुन्या फाँटमधली पुस्तकं युनिकोडमध्ये आणायची तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने असं पुस्तक लावून थेट छपाईला पाठवलं. एक हजार प्रती रद्दीत गेल्या. तो मुलगा माझाच होता, हे इथे सांगतो, कारण चूक त्याची नव्हती. मी त्याला सॉफ्टवेअर शिकवलं, मराठी वाचायला शिकवलं नव्हतं.

मला हवा आहे असा माणूस ज्याला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम माहीत आहेत. नुसते पाठ नकोत, वापरता यायला हवेत. 'मुलीने' आणि 'मुलिने' यातलं बरोबर कुठलं, हे ज्याला थांबून विचार न करता दिसतं. 'दुसऱ्या' मधला ऱ्या कसा काढायचा हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे. इन्स्क्रिप्टमध्ये त्यातला ऱ शिफ्ट दाबून J च्या कळीवर मिळतो, मॅडमना सांगायला नको. आणि ज्याला शंका आली की लेखकाला फोन करायची लाज वाटत नाही. असा माणूस पुण्यात राहायला हवा असंही नाही. फाइल मेलवर जाते, पैसे फोनवर जातात. फलटणहून काम होऊ शकतं. मॅडम, तुमच्याकडचं असं कुणी असेल तर मला खरंच कळवा, मी आधी दहा पानं देऊन बघेन.


टंकलेखनवर्ग_फलटण
वाचते आहे सगळं. अक्षरजुळणी, दहा पानांचं लिहून ठेवलंय. निखिल, राग नाही. पण एक्सेलच्या परीक्षेत पास झालेल्या मुलीला स्वतःचा अर्ज लिहिता येत नाही, हे मी दर आठवड्याला बघते.


भरतीचं_काम
मी पुण्यात एका ग्राहक-सेवा कंपनीसाठी मराठी-हिंदी चॅटवर बोलणारी माणसं निवडते. दुसऱ्या टोकाकडून दिसतं ते सांगते.

एका जागेसाठी पोर्टलवरून इतके अर्ज येतात की पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं. ते शब्द शोधतं. टायपिंगचं प्रमाणपत्र फोनने वाकडा फोटो काढून बायोडाटात चिकटवलं असेल तर पुष्कळदा ते यंत्राला वाचताच येत नाही, त्याच्या लेखी तुम्हाला टायपिंग येत नाही. म्हणून साध्या अक्षरांत लिहा: मराठी टंकलेखन ४० शब्द प्रति मिनिट, इन्स्क्रिप्ट, युनिकोड, एक्सेल. रेघांचे चौकोन, फुलांची नक्षी, दोन रकाने काही नको. पदाच्या जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा.

मग ऑनलाइन चाचणी. पूर्वी आम्ही घरून देऊ द्यायचो. गेल्या वर्षभरात उत्तरं इतकी सारखी यायला लागली की काय घडतंय ते उघड होतं. 'आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य एका दिवशी ४० जणांकडून आलं. 'असुविधा' मराठीत कोण म्हणतं? आपण गैरसोय म्हणतो. आता शेवटची फेरी समोर बसवून घेतो. तीन ग्राहक एकाच वेळी चॅटवर, एक चिडलेला, एक मिंग्लिशमध्ये, म्हणजे मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणारा, एक आजोबा ज्यांना नेमकं काय हवंय ते सांगता येत नाही. तिथे की-बोर्डकडे बघून टाइप करणारी मुलं अडकतात, कारण नजर ग्राहकाच्या वाक्यावर राहत नाही. न बघता टाइप करणाऱ्यांचं डोकं मोकळं असतं. माझ्या अनुभवात टायपिंग क्लास केलेली ग्रामीण भागातली मुलं या फेरीत पुढे असतात, आणि त्याआधीच्या व्हिडिओ मुलाखतीत मागे पडतात. कॅमेरा छताकडे, मागे टीव्ही चालू, उत्तर पाठ केलेलं. मॅडम, वर्गातला एक कोपरा त्यासाठी ठेवाल का? एक खुर्ची, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी, आणि महिन्यातून दोनदा सराव.

खरं तेही सांगते. अशा जागा कमी होत आहेत. सोपे प्रश्न आता बॉटकडे जातात, माणसाकडे अवघडच येतात. पगार त्या मानाने वाढलेले नाहीत.


सायली_नेवासा
मी घरून काम करते, म्हणून माझंही सांगते. लग्नानंतर गावात नोकरी नव्हती. मैत्रिणीकडून कळलं की यंत्राला मराठी शिकवण्यासाठी माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ते जसंच्या तसं लिहून हवं असतं. कानात इअरफोन घालायचा, ऐकायचं, लिहायचं. 'म्हंजी' म्हणाले तर 'म्हंजी'च लिहायचं, सुधारायचं नाही. खोकला, थांबणं, सगळ्याच्या खुणा करायच्या. म्हणजे ज्या फोनमुळे टायपिंग नको असं तुम्ही म्हणताय, त्या फोनला ऐकायला आमच्यासारख्यांनीच शिकवलंय.

पैसे आवाजाच्या मिनिटावर मिळतात. माझ्याबरोबर सुरू केलेल्या दोघी फोनवर एका बोटाने लिहायच्या, त्यांनी महिन्यात सोडलं. मी श्रीरामपूरला टायपिंग केलं होतं म्हणून टिकले. पण कुणी याला नोकरी समजू नये. एका महिन्यात ६,८०० रुपये मिळाले, पुढच्या महिन्यात कामच आलं नाही. काम का नाकारलं ते सांगत नाहीत, विचारायला माणूस नाही, नुसता लाल शेरा येतो. पीएफ नाही, सुट्टी नाही. मला बरं वाटतं ते एवढंच की माझी सासू जसं बोलते तसं कुठेतरी लिहून ठेवलं गेलंय.

त्या मुलीला सांगा की टायपिंग शीक, पण अशा कामाच्या भरवशावर कॉलेज सोडू नकोस.


टंकलेखनवर्ग_फलटण
काल शनिवार होता. त्या दोघी आल्या होत्या. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत म्हणून काय झालं ते सविस्तर सांगते.

मी मुलीला म्हटलं, तुझ्याच फोनवर तहसीलदारांना अर्ज सांग, उत्पन्नाच्या दाखल्याला उशीर झाल्याचा. ती बोलली, फोनने लिहिलं. मी त्याची प्रिंट काढून तिच्या आणि माझ्या, दोघींच्या हातात दिली आणि चुका शोधायला सांगितलं. तिला तीन सापडल्या. मला आठ. त्यात दोन शुद्धलेखनाच्या, एक गावाचं नाव, तारखेचं साल गायब, आणि 'मिळालेला नाही' हे 'मिळालेला आहे' असं उमटलं होतं. ती बोलताना अडखळली होती की फोनने चुकीचं ऐकलं, माहीत नाही. आई शेजारी बसून दोघींचे कागद बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण लाल गोल मोजता येतात. मुलीला म्हणाल्या, "मॅडमला आठ दिसल्या, मग तुला तीनच कशा दिसल्या?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. प्रमाणपत्राने नोकरीचा फॉर्म भरता येईल, नोकरीची हमी नाही. घरून मिळणारं काम येतं-जातं. पुण्याचं एक छपाईचं काम आहे, पण तिथे आधी दहा पानं बिनचूक करून दाखवावी लागतील आणि त्याला सहा महिने नाही, वर्षही लागेल. फी दर महिन्याला थोडी थोडी दिली तरी चालेल. आईंनी पहिल्या महिन्याचे पैसे पदरातून सोडून टेबलावर ठेवले. पावती मुलीला वाचायला लावली, मगच घेतली.

सोमवारपासून तासाची शेवटची वीस मिनिटं मी बदलते आहे. फोनने लिहिलेला एक मजकूर रोज, चुका हाताने खुणा करून शोधायच्या, मग तोच मजकूर टाइप करायचा. आवकजावक, तुमच्याकडच्या जुन्या पत्रांचे नमुने नावं, क्रमांक काढून पाठवता येतील का? लघुलेखक साहेब, बारा पानं सलग वाचायची सवय तुम्ही कशी लावलीत तेही सवडीने लिहा. खिडकीजवळची खुर्ची आजच रिकामी केली, तिथे आजवर बाबांचं जुनं मशीन होतं. तेही आता माडीवर नेलंय.